धोरणांची धरसोड आणि हरित उद्योजक

प्रदूषण कमी करणारी, नैसर्गिक साधने वाचवणारी किंवा खनिज इंधनाची जागा घेणारी वस्तू वा सेवा विकून जो आपला व्यवसाय उभारतो, त्याला अलीकडे हरित उद्योजक म्हटले जाते. खेड्यात सौरदिवे हप्त्याने विकणारा, शहरातील इमारतींच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून देणारा, पवनचक्कीचे सुटे भाग घडवणारा, उसापासून इंधनाचे इथेनॉल काढणारा, असे परस्परांशी फारसा संबंध नसलेले लोक या एका नावाखाली येतात. गिऱ्हाईक, भांडवल आणि स्पर्धा यांची चिंता त्यांनाही इतर व्यावसायिकांसारखीच असते. परंतु कोळशाच्या धुराने समाजाचे जे नुकसान होते त्याची किंमत बाजारात कोणी मोजत नसल्यामुळे, ते नुकसान टाळणाऱ्या मालालाही बाजारात आपोआप पुरेसे मोल मिळत नाही. ते मिळवून देण्यासाठी सरकारला कर, अनुदान, खरेदीची सक्ती, आयात शुल्क आणि वीजदर ही साधने वापरावी लागतात. साहजिकच हरित उद्योजकाची बाजारपेठ बऱ्याच अंशी सरकारी आदेशातून जन्माला येते आणि दुसऱ्या आदेशाने ती आटूही शकते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. ज्या घटनेची शक्यता पूर्वीच्या नोंदींवरून अजमावता येते आणि म्हणून जिचा विमा उतरवता येतो ती जोखीम, आणि जिच्या शक्यतेचा आकडा मांडायला कसलाही आधार नसतो ती अनिश्चितता. साताऱ्याच्या पठारावर वर्षभरात वारा किती वाहील, याचा अंदाज मोजमापाने बांधता येतो. पुढच्या अर्थसंकल्पात पवनचक्कीवरची करसवलत राहील की जाईल, याचा बांधता येत नाही. धोरणामुळे अनिश्चितता वाढते किंवा घटते, अशी चर्चा नेहमी होते. प्रत्यक्षात बहुतेक धोरणे ती वाढवण्या-घटवण्यापेक्षा एकाच्या माथ्यावरून उचलून दुसऱ्याच्या माथ्यावर ठेवतात, आणि विकसनशील देशांत या हलवाहलवीत ती फिरत फिरत सर्वांत लहान उद्योजकापाशी येऊन थांबते.

असे होण्यामागे या धंद्याच्या घडणीचा मोठा भाग आहे. औष्णिक वीजकेंद्राला आयुष्यभर कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर किंवा पवन प्रकल्पाला इंधनाचा खर्चच नसतो, जवळजवळ सगळा पैसा आरंभीच घालावा लागतो. त्यामुळे अशा प्रकल्पातील विजेची किंमत मुख्यतः व्याजाच्या दरावर ठरते आणि बँकेला धोरणाचा भरवसा वाटला नाही की ती शंका व्याजदरात उतरते. विकसनशील देशांत सौर प्रकल्पांना लागणाऱ्या भांडवलाचा खर्च प्रगत देशांच्या दुपटीहून अधिक असतो, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे निरीक्षण आहे. म्हणजे ऊन अधिक असूनही त्या उन्हाची वीज महाग पडते. त्यात मोठ्या प्रकल्पांच्या विजेचा प्रमुख खरेदीदार बहुधा तोट्यातली सरकारी वितरण कंपनी असते, जी बिलाचे पैसे कधी देईल हा स्वतंत्रच प्रश्न असतो.

मुंबईत जन्मलेले आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन केलेले अर्थशास्त्रज्ञ अविनाश दीक्षित यांनी रॉबर्ट पिंडाइक यांच्यासह १९९४मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, जी गुंतवणूक एकदा केल्यावर परत काढून घेता येत नाही, तिच्या बाबतीत थांबून राहण्याला स्वतःचे असे मोल असते; भविष्य जितके धूसर, तितके ते मोल अधिक. गुंतवणूकदार हात आखडता घेतात तेव्हा तो भित्रेपणा नसून हिशेब असतो. मात्र थांबणे ज्याला परवडते त्याच्यासाठीच हा हिशेब खरा ठरतो. अनेक धंदे असलेला उद्योगसमूह दोन वर्षे सौरऊर्जेत पैसा न घालता बसू शकतो. पाच कामगार आणि एक टेम्पो यांवर गच्चीवरील पॅनेलचा धंदा चालवणाऱ्याला ते शक्य नसते, कारण बँकेचा हप्ता त्याच्यासाठी थांबत नाही.

भारतातील पवनऊर्जेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. वेगवर्धित घसारा नावाची सवलत हा तिचा अनेक वर्षांचा आधार होता. यंत्राची झीज म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करता येतो, त्याला घसारा म्हणतात. पवनचक्कीच्या बाबतीत किमतीच्या ८० टक्के रक्कम पहिल्याच वर्षी वजा करण्याची मुभा होती, त्यामुळे भरघोस नफा असलेल्या, पण विजेशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्यांनीही कर वाचवण्यासाठी पवनचक्क्या उभारल्या. वाऱ्यापेक्षा कराकडे लक्ष असलेल्या मालकांच्या हाती पवनचक्क्या जाव्यात हे धोरण म्हणून फारसे शहाणपणाचे नव्हते, आणि सरकारने २००९च्या अखेरीस तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देणारे उत्पादन-प्रोत्साहन सुरू केले ते योग्यच होते. परंतु ३१ मार्च २०१२ला करसवलत आणि उत्पादन-प्रोत्साहन ही दोन्ही एकदमच संपली. २०११-१२मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट क्षमतेची भर पडली होती. पुढच्या वर्षी ती १,७०० मेगावॅटवर आली. मग २०१३मध्ये प्रोत्साहन परत आले, जुलै २०१४मध्ये करसवलत परतली, आणि २०१७मध्ये प्रोत्साहन पुन्हा संपून करसवलत निम्मी झाली. त्याच वर्षी ठरावीक दराने वीज घेण्याची पद्धत जाऊन लिलाव आले. फेब्रुवारीतील पहिल्या लिलावात युनिटला ३ रुपये ४६ पैसे हा दर निघाला, डिसेंबरमध्ये गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैशांपर्यंत उतरला, आणि जुन्या चढ्या दराने करार करायला राज्ये नाखूष झाली. २०१६-१७मध्ये साडेपाच हजार मेगावॅटच्या आसपास गेलेली वार्षिक भर त्यापुढील वर्षी १,८०० मेगावॅटच्या आत आली.

लिलावाने वीज स्वस्त झाली, ग्राहकाचा फायदा झाला, आणि मोठ्या विकासकांनी स्वतःला त्या पद्धतीशी जुळवूनही घेतले. झळ बसली ती मनोरे, पाती, गिअरबॉक्सचे भाग पुरवणाऱ्या मधल्या आणि लहान कारखान्यांना, कारण त्यांची यंत्रसामग्री साडेपाच हजार मेगावॅटच्या मागणीकडे पाहून घेतलेली होती. दक्षिण आफ्रिकेतही असेच घडले. तेथे २०११पासून चाललेल्या अपारंपरिक वीज लिलावांची जगभर वाखाणणी झाली होती. मात्र एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने २०१६च्या सुमारास नव्या करारांवर सही करणे थांबवले आणि एप्रिल २०१८मध्ये २७ प्रकल्पांचे करार होईपर्यंत स्थानिक सुटे भाग बनवण्यासाठी उभ्या राहिलेल्या उद्योगांना मागणीच उरली नाही.

सौरऊर्जेत गुंतागुंत अधिक आहे, कारण तेथे दोन हरित उद्योजकांचे हितसंबंधच एकमेकांविरुद्ध जातात. पॅनेल बनवणाऱ्याला चिनी मालावर शुल्क हवे असते, पॅनेल बसवणाऱ्याला ते नको असते. केंद्र सरकारने ३० जुलै २०१८ रोजी आयात पॅनेलवर २५ टक्के संरक्षक शुल्क लावले. ओडिशा उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याची वसुली अडली, आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडसर दूर केला. पुढे १ एप्रिल २०२२पासून पॅनेलवर ४० टक्के आणि सौरघटांवर २५ टक्के मूळ सीमाशुल्क आले. वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२१मध्ये ५ टक्क्यांवरून १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५मध्ये पुन्हा ५ टक्क्यांवर आला. त्याखेरीज मान्यताप्राप्त उत्पादकांची एक यादी आहे, जिच्यात नाव नसलेल्या कारखान्याचा माल ठरावीक प्रकल्पांत वापरता येत नाही आणि जिच्यात परदेशी कारखान्यांना स्थान मिळालेले नाही. ती २०२१मध्ये लागू झाली, मार्च २०२३मध्ये वर्षभरासाठी बाजूला ठेवली गेली आणि १ एप्रिल २०२४पासून परत अमलात आली.

देशात कारखाने उभे राहावेत हे उद्दिष्ट रास्त आहे आणि या उपायांनी ते वाढलेही. प्रश्न आहे तो मधल्या काळातील भाववाढ कोणी सोसली याचा. मोठ्या प्रकल्पाच्या वीजखरेदी करारात कायदा बदलल्यास वाढीव खर्च भरून मिळण्याचे कलम असते; विकासक वकील लावतो, नियामक आयोगाकडे जातो आणि उशिरा का होईना भरपाई मिळवतो. गृहनिर्माण संस्थेला तीन महिन्यांपूर्वी ठोक भाव सांगून आगाऊ रक्कम घेतलेल्या कंत्राटदाराच्या कागदावर असे कलम नसते, आणि असले तरी त्यासाठी तो संस्थेच्या चिटणिसाशी वाद घालण्याची शक्यता कमीच. २०१५मध्ये देशाने २०२२पर्यंत १,००,००० मेगावॅट सौरक्षमतेचे लक्ष्य ठरवले होते, त्यातील ४०,००० मेगावॅट गच्चीवर यायचे होते. मोठ्या सौर प्रकल्पांनी बरीच मजल मारली. गच्चीवरच्या हिश्शाचा चौथा भागही मुदतीत झाला नाही.

त्याला नेट मीटरिंगच्या नियमांतील चढउतारांचाही हातभार लागला. दिवसा गच्चीवर तयार झालेली जादा वीज वितरण कंपनीच्या जाळ्यात सोडायची आणि घेतलेल्या विजेतून ती वजा करून उरलेल्याचेच बिल भरायचे, ही ती पद्धत. चांगले ग्राहक हातचे जातात म्हणून वितरण कंपन्यांना ती नकोशी वाटते, आणि त्यांची अडचण खोटी नाही. महाराष्ट्रात २०१९च्या अखेरीस मसुद्यात ही पद्धत गुंडाळण्याची चिन्हे दिसली आणि विरोधानंतर अंतिम नियमांत ती टिकली. ३१ डिसेंबर २०२०च्या केंद्रीय नियमांनी तिची मर्यादा १० किलोवॅटवर आणली, तर जून २०२१मध्ये ती ५०० किलोवॅट करण्यात आली. २०२५मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने २८ मार्चला दिलेला बहुवर्षीय वीजदराचा आदेश काही दिवसांतच स्वतः स्थगित केला आणि २५ जूनला सुधारित आदेश काढला. उन्हाच्या तासांत बनलेली वीज इतर तासांच्या वापरातून कितपत वजा होणार, यावर कारखान्याच्या गच्चीवरील प्रकल्पाचा परतावा ठरत असल्याने, असा प्रत्येक मसुदा येतो तेव्हा गिऱ्हाईक थांबून पाहते, आणि दीक्षितांच्या सिद्धांतानुसार ते बरोबरच करते.

महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याने हा अनुभव वेगळ्या रूपात घेतला. २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर केंद्राने कारखान्यांना आसवन्या उभारण्यासाठी कर्जाच्या व्याजात सवलत दिली आणि साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीपेक्षा, बरीच साखर शिल्लक असलेल्या बी-हेवी मळीपासून व थेट उसाच्या रसापासून बनवलेल्या इथेनॉलला अधिक भाव दिला. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०३०वरून २०२५-२६वर अलीकडे ओढले. सहकारी आणि खासगी कारखान्यांनी या हाकेला प्रतिसाद देऊन कर्जे काढली. २०२३मध्ये पाऊस कमी झाला, साखरेचे भाव चढण्याची भीती निर्माण झाली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात असताना, रस आणि पाक यांपासून इथेनॉल बनवण्यास मनाई झाली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेइतक्या वापराची मुभा मिळाली. पूर्ण बंधन ऑगस्ट २०२४मध्ये पुढील हंगामापुरते उठले. दरम्यान मक्यापासूनच्या इथेनॉलला वाढीव प्रोत्साहन मिळाले. साखरेच्या भावाची अनिश्चितता ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवण्यात सरकार यशस्वी झाले. ती गेली आसवनीचे हप्ते भरणाऱ्या कारखान्याकडे, आणि उसाचे पैसे १४ दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन असल्यामुळे कारखान्याची अडचण शेतकऱ्याच्या बिलापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

सरकार एखादे वाईट काम करते म्हणून हरित उद्योजक अडचणीत येतो, असा समज वरील उदाहरणांवरून होऊ शकतो. बांगलादेशचा अनुभव तो समज पार बदलतो, कारण तेथे सरकारने केलेली गोष्ट निर्विवाद चांगली होती. ग्रामीण भागातील बहुसंख्य घरांत वीज नसताना, इडकॉल या सरकारी मालकीच्या वित्तसंस्थेने २००३मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने घरगुती सौरसंचांचा कार्यक्रम सुरू केला. संच फुकट वाटायचे नाहीत, हे त्याचे मुख्य तत्त्व होते. ग्रामीण शक्तीसारख्या भागीदार संस्थांनी संच विकायचे, कुटुंबाने थोडी रक्कम सुरुवातीला आणि बाकीची साधारण तीन वर्षांत हप्त्याने द्यायची, दुरुस्ती संस्थेने करायची, आणि इडकॉलने संस्थांना स्वस्त कर्ज पुरवायचे. पाच वर्षांत ५०,००० संचांचे आरंभीचे लक्ष्य तीन वर्षांच्या आतच गाठले गेले, आणि दीड दशकात ४० लाखांहून अधिक संच बसून सुमारे दोन कोटी लोकांच्या घरी दिवा लागला. गावोगाव तंत्रज्ञ, वसुली करणारे, बॅटऱ्या आणि दिवे बनवणारे यांची एक साखळीच तयार झाली.

त्यानंतर सरकारने सर्वांना विजेच्या तारेची जोडणी देण्याची मोहीम वेगाने हाती घेतली. तार कोणत्या गावात कधी येणार, याचे खात्रीचे वेळापत्रक सौरसंच विकणाऱ्या संस्थांच्या हाती नव्हते. पुष्कळदा कुटुंबाने हप्त्यावर संच घेतल्यानंतर वर्षभरातच दारात खांब उभा राहिला. त्याच सुमारास ग्रामीण रोजगाराच्या सरकारी योजनांतून सौरसंच मोफत वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालेल्या वस्तूचे हप्ते आपण का भरावेत, हा प्रश्न कोणत्याही गिऱ्हाइकाच्या मनात येणारच. हप्ते थकले, भागीदार संस्थांकडून इडकॉलचे कर्ज फिटेना, विक्री कोसळली. २०२२मध्ये संपूर्ण देशात वीज पोचल्याची घोषणा झाली ती अभिमानास्पद होती यात शंका नाही. पण त्या प्रकाशाआधीचा अंधार ज्यांनी हटवला, त्यांच्या बुडीत कर्जाची तरतूद त्या मोहिमेच्या आराखड्यात नव्हती.

बिहार आणि उत्तर प्रदेशातील छोट्या वीजजाळ्यांची गोष्ट बांगलादेशच्या या अनुभवाला समांतर जाते. एका गावापुरते किंवा वस्तीपुरते सौर किंवा जैवभाराचे केंद्र आणि त्याची स्वतःची तार, असे या जाळ्याचे स्वरूप असते. बिहारमध्ये भाताच्या तुसापासून वीज बनवण्यापासून सुरू झालेली हस्क पॉवर ही त्यातली सर्वपरिचित कंपनी. २००३च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात असा धंदा परवान्याविना करण्याची मुभा दिली आणि दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६मध्ये अशा १०,००० जाळ्यांचे, एकूण ५०० मेगावॅट क्षमतेचे, उद्दिष्ट सांगणारा मसुदाही प्रसिद्ध केला. तो पक्क्या राष्ट्रीय धोरणापर्यंत पोचला नाही. सप्टेंबर २०१७मध्ये घरोघरी वीजजोडणी देणारी सौभाग्य योजना आली. सरकारी तारेतली वीज अनुदानामुळे कितीतरी स्वस्त होती, जरी संध्याकाळी ती असेलच याची हमी नव्हती. जी जाळी तगली ती मुख्यतः दुकाने, गिरण्या, वेल्डिंगची कामे अशा भरवशाच्या विजेसाठी जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकांकडे वळली. घरातला एक दिवा आणि मोबाइलचे चार्जिंग यांवर उभा असलेला मूळचा हिशेब संपला होता.

या ठिकाणी अनिश्चितता कमी करणे फार खर्चाचे नव्हते. उत्तर प्रदेशाने २०१६च्या आपल्या धोरणात तार आल्यावर जाळे वितरण कंपनीला विकण्याचा किंवा तिला वीज पुरवण्याचा मार्ग निदान कागदावर ठेवला. नायजेरियाच्या नियामक आयोगाने अधिक नेमकेपणा दाखवला: परवानाधारक जाळ्याच्या गावात मुख्य तार आली, तर चालकाने एकतर तिच्याशी जोडून घ्यावे किंवा मालमत्तेची घसारा वजा जाता उरलेली किंमत आणि बारा महिन्यांच्या उत्पन्नाइतकी भरपाई घेऊन बाजूला व्हावे. तार कधी येईल हे त्या नियमानेही सांगितलेले नाही. आली तर काय होईल एवढे सांगितले आहे. बँकेला कर्ज देताना नेमके तेवढेच हवे असते, कारण नाइट यांच्या भाषेत अनिश्चितता तेथे जोखमीच्या पातळीवर उतरते.

केनियाने मोबाइलवरून रोजचे पैसे भरून घरगुती सौरसंच घेण्याची पद्धत जगाला दाखवली, आणि तेथेच २०१३मध्ये सौर साहित्यावर मूल्यवर्धित कर लागला, २०१४मध्ये उठला, २०२०मध्ये पुन्हा लागला आणि २०२१मध्ये पुन्हा उठला. प्रत्येक वेळी कर लावताना महसुलाची तूट हे कारण खरेच होते.

प्रगत देश याबाबत निर्दोष आहेत असे मुळीच नाही. जर्मनीने २०००च्या कायद्यात वीस वर्षांच्या दराची हमी देताना नव्या प्रकल्पांचा दर दरवर्षी किती घटत जाईल हेही आधीच लिहून ठेवले होते, म्हणून त्या ठरलेल्या घटीचा धक्का बसला नाही. परंतु स्पेनने २०१०नंतर चालू प्रकल्पांचे कबूल केलेले उत्पन्न मागे जाऊन कापले. परदेशी गुंतवणूक निधींनी ऊर्जा सनद करारान्वये आंतरराष्ट्रीय लवादांत दावे लावले आणि त्यांतील बरेच जिंकले. आयुष्यभराची पुंजी सौरशेतात घातलेल्या स्पॅनिश कुटुंबांना तो दरवाजा बंद होता, कारण स्वतःच्याच सरकारविरुद्ध त्या कराराचा आधार घेता येत नाही. भारतात आंध्र प्रदेश सरकारने जुलै २०१९मध्ये जुन्या पवन व सौर करारांचे दर उतरवण्यासाठी समिती नेमली, तेव्हा करार बदलता येत नाहीत हा उच्च न्यायालयाचा अंतिम निवाडा यायला मार्च २०२२ उजाडला. तोवर अंतरिम दराने निम्म्याच्या आसपास पैसे घेऊन तग धरणे मोठ्या कंपन्यांनाच जमणारे होते.

जे उपाय झाले तेही पुष्कळदा याच वर्गाच्या उपयोगी पडले. वितरण कंपन्यांकडे वीज उत्पादकांची थकबाकी जून २०२२मध्ये १ लाख ३८ हजार कोटी रुपयांच्या घरात होती. ती हप्त्यांनी फेडण्याची सक्ती आणि न फेडल्यास वीज बाजारातून खरेदी बंद, असा नियम आल्यावर ती बरीच खाली आली. अतिशय परिणामकारक असलेला हा नियम उत्पादकांसाठी आहे. सरकारी योजनेतून शेतावर सौरपंप बसवून देणारा पुरवठादार आपल्या बिलाची वाट पाहतो तेव्हा त्याला या नियमाचा आधार मिळत नाही.

फेब्रुवारी २०२४मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असून एक कोटी घरांवर सौरसंच बसवण्याचे लक्ष्य आहे. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जाते, म्हणून बसवणाऱ्याला सरकारी कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत, आणि ग्राहकाला विनातारण कर्जाचीही सोय आहे. अनुदानासाठी देशी घटांपासून बनलेलेच पॅनेल लागते, ज्याचा भाव आणि उपलब्धता त्या व्यावसायिकाच्या हाती नाही. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तिच्या जोरावर घेतलेले वाहन, गोदामाचा भाडेकरार आणि प्रशिक्षण देऊन तयार केलेली माणसे यांचा खर्च त्यापलीकडच्या वर्षांतही चालू राहणार असतो, आणि अनुदान टप्प्याटप्प्याने उतरत जाईल की एका ३१ मार्चला संपेल यावर तो खर्च झेपणार की नाही हे ठरते.